आई-बाबांसाठी वापरलेली ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी : अमेरिकेतील बर्फाळ राज्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनेसोटा, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्कचा उत्तर भाग किंवा कोलोरॅडो अशा ठिकाणी आई-वडिलांना कायमचे किंवा वर्षातील मोठा काळ राहायला आणलेल्या कुटुंबांकडून सप्टेंबर उजाडला की गाडीविषयी विचारणा सुरू होते. ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्याचे उत्तर आधी किंवा पुढे आले आहे, तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. अंतरे मैलांत आहेत. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर.

१. ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे नेमके काय? जीपसारख्या फोर-व्हील ड्राइव्हपेक्षा ती वेगळी आहे का?

बहुतेक साध्या गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते (फ्रंट-व्हील ड्राइव्ह). ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये ती चारही चाकांना मिळू शकते आणि कोणत्या चाकाला किती द्यायची हे गाडी स्वतः ठरवते. चालकाला काही करावे लागत नाही. जुन्या पद्धतीच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चालक दांडा ओढून किंवा बटण दाबून पुढची आणि मागची चाके एकमेकांशी जखडतो. त्या स्थितीत कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी वळवली, तर यंत्रणेवर ताण येतो. आई-बाबांना शहरातल्या रस्त्यावर, अर्धा रस्ता कोरडा आणि अर्धा बर्फाचा अशा परिस्थितीत गाडी चालवायची असते, म्हणून त्यांच्यासाठी पहिला प्रकारच योग्य आहे.

ऑल-व्हील ड्राइव्हचेही दोन प्रकार आहेत. सुबारूच्या गाड्यांत चारही चाके सतत जोडलेली असतात. होंडा सी.आर.-व्ही., टोयोटा रॅव्ह-४ किंवा माझ्दा सी.एक्स.-५ मध्ये एरवी मुख्यतः पुढची चाके ओढतात आणि घसरण जाणवली किंवा तशी शक्यता दिसली की मागची चाके जोडली जातात. शहरातल्या वापरात या दोन्हींत जो फरक पडतो, तो चांगल्या आणि झिजलेल्या टायरमधील फरकापेक्षा पुष्कळ लहान असतो.

२. ऑल-व्हील ड्राइव्ह घेतली की बर्फावर गाडी घसरणार नाही ना?

घसरेल. या पानावरचे एकच उत्तर वाचायला वेळ असेल, तर हे वाचावे.

ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला जागेवरून हलायला आणि चढ चढायला मदत करते. थांबायला ती मदत करत नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच आणि थांबण्याचे अंतर टायर रस्त्याला किती पकडतो यावर ठरते. वळणावर गाडी आपल्या लेनमध्ये राहणे हेही मुख्यतः टायरवर अवलंबून असते. किंबहुना एक धोका वाढतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सिग्नलवरून निघतानाच चाके फिरवून चालकाला सांगते की रस्ता निसरडा आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी शांतपणे निघते, रस्ता बरा आहे असे वाटते आणि खरी परिस्थिती पुढच्या सिग्नलवर ब्रेक दाबल्यावर कळते. ज्यांनी आयुष्यभर बर्फ पाहिलेला नाही अशा चालकाच्या बाबतीत हा धोका फार मोठा असतो.

म्हणून हिवाळी टायर लावलेली साधी फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी ही बारमाही टायर लावलेल्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीपेक्षा वृद्ध माणसासाठी अधिक सुरक्षित असते, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही जमले तर उत्तम. एकच जमणार असेल, तर आधी टायर घ्यावेत. तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की बारमाही टायरचे रबर कडक होऊ लागते, तर हिवाळी टायरचे रबर त्या थंडीतही मऊ राहते. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते ते पाहावे. नुसती ‘एम प्लस एस’ ही अक्षरे पुरेशी नाहीत, कारण त्या अक्षरांसाठी बर्फावरची चाचणी द्यावी लागत नाही.

३. मग आमच्या आई-बाबांना ऑल-व्हील ड्राइव्हची गरज आहे की नाही, हे कसे ठरवावे?

तीन गोष्टी विचाराव्यात. घरासमोरचा किंवा घरापर्यंतचा रस्ता चढाचा आहे का? त्या रस्त्यावरचा बर्फ काढायला नगरपालिका उशीर करते का? आणि आई-बाबांना ठरलेल्या वेळी बाहेर पडावेच लागते का, उदाहरणार्थ डायलिसिससाठी किंवा नातवंडांना शाळेतून आणण्यासाठी? यांतील दोन उत्तरे ‘होय’ अशी आली, तर ऑल-व्हील ड्राइव्हवर खर्च करणे योग्य आहे. रस्ता सपाट असेल, बर्फ वेळेवर निघत असेल आणि बर्फाच्या दिवशी घरी राहणे शक्य असेल, तर तेच पैसे अधिक नव्या आणि अधिक सुरक्षित फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत घालावेत.

चौथी गोष्ट अनेक कुटुंबांच्या लक्षात येत नाही. पुष्कळ आई-बाबा दिवाळीच्या आसपास भारतात जातात आणि लग्नसराई उरकून, थंडी सरल्यावर परत येतात. ज्यांचा जवळजवळ सगळा हिवाळा पुण्यात किंवा नाशिकमध्ये जातो, त्यांच्यासाठी ही गाडी घेणे म्हणजे अधिक किंमत, अधिक देखभाल आणि गॅलनमागे एक-दोन मैल कमी अंतर हे सगळे पदरात घेऊन तिचा उपयोग मात्र न करणे होय.

४. आमच्याकडे बारा हजार डॉलर आहेत. सगळे गाडीच्या किमतीत घालावेत का?

घालू नयेत. दहा हजारांच्या आसपासची गाडी पाहावी आणि दोन हजार बाजूला ठेवावेत. राज्याचा विक्रीकर, मालकी हक्काचे कागद आणि नोंदणी यांत काही रक्कम जाते. स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी लागते (प्रश्न १०). चार हिवाळी टायर, आणि शक्य असल्यास त्यांच्यासाठी वेगळ्या रिम, यांना साधारण सहाशे ते हजार डॉलर लागतात. शिवाय वापरलेली गाडी घरी आली की गिअरबॉक्सचे आणि मागच्या डिफरन्शियलचे (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचे) तेल, ब्रेकचे द्रव आणि बहुधा बॅटरीही बदलावी लागते.

५. एक लाख मैल चाललेली गाडी म्हणजे एक लाख साठ हजार किलोमीटर. ती घ्यावी का? भारतात तर कोणी घेणार नाही.

भारतातला हिशेब येथे तसाच लावता येत नाही. अमेरिकेतील मैल बहुतांशी महामार्गावर, एकाच वेगात आणि क्लच-गिअरच्या ओढाताणीशिवाय पडलेले असतात. एक लाख मैल झालेली, पण प्रत्येक सर्व्हिसची नोंद असलेली गाडी मी आनंदाने सुचवते. उलट बारा वर्षांत तीसच हजार मैल झालेली गाडी पाहिली की मी अधिक प्रश्न विचारते, कारण थंड प्रदेशात रोज दोन-तीन मैलांच्या फेऱ्या मारल्या, तर इंजिन पुरते तापतच नाही, तेलात पाण्याचा आणि पेट्रोलचा अंश साचतो आणि एक्झॉस्ट आतून गंजतो. आकड्यापेक्षा नोंदी पाहाव्यात. ज्या विक्रेत्याला तेल शेवटचे केव्हा बदलले हे सांगता येत नाही, त्याच्या गाडीकडे पाठ फिरवावी.

६. नेमक्या कोणत्या गाड्या पाहाव्यात?

आई-बाबांसाठी मी ज्या गाड्या प्रथम पाहायला सांगते, त्या अशा.

टोयोटा रॅव्ह-४, २०१३ ते २०१८. तिच्यात २.५ लिटरचे साधे इंजिन आणि नेहमीचा सहा गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. दिसायला आणि चालवायला ती फारशी उत्साही नाही, परंतु आई-बाबांना उत्साहाची नव्हे, भरवशाची गरज आहे. २०१७ पासून समोरच्या धडकेपूर्वी आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सर्व प्रकारांत दिलेली आहे. म्हणून बजेटमध्ये बसत असेल, तर २०१७ किंवा २०१८ चीच घ्यावी.

होंडा सी.आर.-व्ही., २०१२ ते २०१४. पाच गिअरांचा जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ही तिची जमेची बाजू. पाय ठेवून आत बसणे सोपे, मागचे दार मोठे आणि डिकीचा उंबरा खाली. थंडीत पहिल्यांदा सुरू करताना क्षणभर खडखड ऐकू येते का, हे पाहण्यासाठी गाडी रात्रभर बंद ठेवलेली असतानाच बघायला जावे. पार्किंगमध्ये वळवताना मागून घुमल्यासारखा आवाज येत असेल, तर बहुधा मागच्या डिफरन्शियलचे तेल जुने झालेले असते. होंडाचेच ठरावीक तेल घालून तो बरा होतो. २०१७ आणि २०१८ च्या १.५ लिटर टर्बो इंजिनांत अतिथंड प्रदेशांत पेट्रोल तेलात मिसळण्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीने हमीची मुदत वाढवली होती. मिनेसोटासारख्या ठिकाणी लहान फेऱ्यांसाठी त्या दोन वर्षांच्या टर्बो गाड्या मी सुचवत नाही.

माझ्दा सी.एक्स.-५, २०१४ पासून पुढे. २.५ लिटरचे इंजिन आणि सहा गिअरांचा नेहमीचा गिअरबॉक्स. आसन किंचित घट्ट आणि मागची खिडकी लहान आहे. मान सहज वळत नसलेल्या चालकाने ती चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

टोयोटा व्हेंझा, २००९ ते २०१५. ही गाडी फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, पण गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तिची दारे आणि आसनाची उंची अतिशय सोयीची आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह असलेली, गंज नसलेली मिळाली, तर सोडू नये.

सुबारूविषयी वेगळा प्रश्न खाली आहे (प्रश्न ७). सुझुकी एस.एक्स.-४ येथे ऑल-व्हील ड्राइव्हसह स्वस्तात मिळते आणि मारुतीमुळे ते नाव बाबांच्या ओळखीचे असते, परंतु सुझुकीने २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत मोटारी विकणे बंद करण्याचे जाहीर केले. दुरुस्तीसाठी सुटे भाग शोधत बसण्याची वेळ वृद्ध आई-वडिलांवर आणू नये.

७. ऑफिसमधला प्रत्येक जण ‘सुबारूच घ्या’ म्हणतो. घ्यावी का?

घेता येईल, पण वर्ष पाहून. फॉरेस्टर ही गाडी वृद्ध चालकासाठी विचारपूर्वक केल्यासारखी आहे : काचा मोठ्या, खांब बारीक, छत उंच आणि जमिनीपासून ८.७ इंचांची उंची, त्यामुळे बर्फ हटवणाऱ्या नांगराने रस्त्याकडेला लोटलेला बर्फ ओलांडता येतो. बाहेर काय चालले आहे हे इतके स्पष्ट दाखवणाऱ्या गाड्या थोड्या आहेत.

आता सावधगिरी. २०१० पर्यंतच्या फॉरेस्टरमधील २.५ लिटरच्या जुन्या इंजिनांत हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या दोन भागांमधल्या पातळ पट्टीतून) तेल किंवा इंजिन थंड ठेवणारे कूलंट झिरपण्याचा दोष सर्वज्ञात आहे. त्या गाड्यांचा टायमिंग बेल्टही ठरावीक मैलांना बदलावा लागतो. २०११ पासून नवे इंजिन आले आणि बेल्टच्या जागी साखळी आली, पण २०११ ते २०१४ च्या काही गाड्या तेल जास्त पितात, अशा तक्रारींवरून खटला झाला आणि कंपनीने हमी वाढवली. ती मुदत आता संपलेली आहे. म्हणून त्या वर्षांची गाडी घ्यायची असेल, तर दोन सर्व्हिसांच्या मधल्या काळात किती तेल भरावे लागते हे लेखी नोंदीतून पाहावे. २०१४ पासूनच्या ऑटोमॅटिक फॉरेस्टरमध्ये ठरावीक गिअर नसलेला सी.व्ही.टी. गिअरबॉक्स आहे, त्याचे तेल बदलल्याची नोंद असेल, तर मन निश्चिंत होते. २०१९ पासून धडकेपूर्वी ब्रेक लावणारी ‘आयसाइट’ यंत्रणा प्रत्येक फॉरेस्टरमध्ये आहे. पैसे पुरत असतील, तर माझी पसंती तिला.

८. आईला गुडघ्यांचा त्रास आहे आणि तिची उंची पाच फूट आहे. काय पाहावे?

मला येणाऱ्या प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत उशिरा विचारला जाणारा प्रश्न आहे. मुले इंजिन, मैल आणि किंमत यांचा महिनाभर अभ्यास करतात आणि आईला गाडी घरी आल्यावर दाखवतात. माझ्या आईसाठी मीही पहिल्यांदा तेच केले. ती प्रत्येक वेळी दाराच्या चौकटीला धरून उतरत होती, हे माझ्या लक्षात यायला दोन आठवडे गेले. ती काहीच बोलली नव्हती, कारण गाडी मुलीने घेतली होती.

आईला विक्रेत्याकडे सोबत न्यावे आणि नेहमीच्या कपड्यांत, साडी नेसत असेल तर साडीत, पाच वेळा आत बसून बाहेर यायला सांगावे. आसन तिच्या कमरेच्या उंचीला असेल, तर ती नुसती वळून बसू शकते. आसन खूप खाली असेल तर उठताना गुडघ्यांवर भार येतो आणि खूप वर असेल तर चढावे लागते. आसन वर-खाली होते का, तेही हाताने पंप मारून की बटणाने, हे पाहावे. कमी उंचीची चालक पेडल गाठण्यासाठी आसन पुढे ओढते आणि एअरबॅगच्या फार जवळ येते. छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यभागात निदान दहा इंच अंतर राहायला हवे. त्यासाठी स्टिअरिंग केवळ वर-खाली नव्हे, पुढे-मागेही सरकणारे असावे. खांद्यावरचा पट्टा मानेवर घासत नाही ना, डिकीचे दार हाताला पोहोचते का आणि हीटरची बटणे हातमोजे घालून फिरवता येतात का, हेही तेथेच करून पाहावे.

अमेरिकेत ‘कारफिट’ नावाचा उपक्रम आहे. त्यात प्रशिक्षित लोक ज्येष्ठ चालकाला त्याच्याच गाडीत बसवून आरसे, आसन आणि पट्टा नीट बसवून देतात. जवळपास असे शिबिर असेल, तर आईला आवर्जून न्यावे.

९. सुरक्षेच्या दृष्टीने कोणत्या वर्षानंतरची गाडी घ्यावी?

२०१२ च्या मॉडेलपासून घसरणारी गाडी सावरणारी स्थिरता नियंत्रण यंत्रणा अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली. त्याआधीची गाडी आई-बाबांसाठी घेऊ नये, आणि व्हेंझासारख्या २०१२ पूर्वीच्या गाडीत ती यंत्रणा असेल, तरच अपवाद करावा. मागचे दाखवणारा कॅमेरा मे २०१८ पासून सक्तीचा आहे, पण वर दिलेल्या बऱ्याच गाड्यांत तो आधीपासून आहे.

१०. गाडी तपासताना ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत वेगळे काय बघायचे?

प्रथम ती खरोखर ऑल-व्हील ड्राइव्ह आहे का, हेच बघावे. सुबारूची बी.आर.झेड. ही स्पोर्ट्स गाडी वगळली, तर सुबारूच्या येथील पेट्रोल गाड्यांबाबत ही शंका नसते, परंतु रॅव्ह-४, सी.आर.-व्ही. आणि २०२२ पूर्वीची सी.एक्स.-५ या गाड्या फ्रंट-व्हील आणि ऑल-व्हील अशा दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या आहेत आणि जाहिरातीत चूक असू शकते. मागचा बिल्ला पुरेसा पुरावा नाही. गाडीखाली वाकून मागच्या चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा लोखंडी गोळा आणि त्याच्याकडे जाणारा दांडा दिसतो का, ते पाहावे.

दुसरी गोष्ट गंज. या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीला खालून खाते. पत्र्यावरचा गंज दिसायला वाईट, पण ब्रेकच्या नळ्या, सस्पेन्शन जोडलेली चौकट आणि मागची आडवी तुळई यांवरचा गंज जीवघेणा ठरू शकतो. गाडीचा तळ नुकताच काळ्या रंगाने माखलेला असेल, तर त्याखाली काय लपवले आहे असा प्रश्न विचारावा. दक्षिणेकडच्या बर्फ न पडणाऱ्या राज्यातून आलेली गाडी या बाबतीत बरी, पण तेथे पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांची भीती असते (प्रश्न ११).

तिसरी गोष्ट चारही टायर सारखे आहेत का (प्रश्न १३). चौथी गोष्ट रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवावे. टकटक, घुमणे किंवा झटके जाणवले, तर ते कारण कळल्याशिवाय सौदा करू नये. त्यानंतर विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्यावी. साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर लागतात. विक्रेता ही तपासणी करू देत नसेल, तर त्याच क्षणी निघून यावे.

११. कागदपत्रे कोणती पाहायची?

गाडीचा सतरा अक्षरांचा व्ही.आय.एन. क्रमांक समोरच्या काचेखाली, दारावर आणि कागदावर एकच असायला हवा. तो क्रमांक राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य घालून पाहिला की गाडीवर कोणती परत-दुरुस्ती (रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाडी परत बोलावून करायची दुरुस्ती) शिल्लक आहे ते कळते. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगची परत-दुरुस्ती अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठी होती आणि तिच्यात होंडा, टोयोटा, सुबारू यांच्या अनेक जुन्या गाड्या आहेत. ही दुरुस्ती मालक कितवाही असला, तरी कंपनीच्या डीलरकडे मोफत होते. ती झाल्याशिवाय आई-बाबांना त्या गाडीत बसवू नये.

मालकीच्या कागदावर ‘सॅल्व्हेज’ किंवा ‘रिबिल्ट’ असा शिक्का असेल, तर अपघात, पूर अशा कारणाने विमा कंपनीने ती गाडी एकदा निकालात काढली होती असा त्याचा अर्थ आहे. अशी गाडी कितीही स्वस्त असली, तरी या कामासाठी घेऊ नये. विमा उद्योगाच्या एन.आय.सी.बी. या संस्थेच्या संकेतस्थळावर चोरीची आणि निकालात काढल्याची नोंद फुकट पाहता येते.

१२. डीलरकडून घ्यावी की थेट मालकाकडून? नाही आवडली तर तीन दिवसांत परत करता येते ना?

परत करता येते हा फार पसरलेला गैरसमज आहे. डीलरच्या जागेवर जाऊन घेतलेल्या गाडीला तीन दिवसांत सौदा मोडण्याचा संघीय नियम लागू होत नाही. सही केली की गाडी आपली.

डीलरला प्रत्येक वापरलेल्या गाडीच्या काचेवर ‘बायर्स गाइड’ लावावे लागते. त्यावर ‘अ‍ॅज इज’ असे असेल, तर हमी नाही, आणि डीलर तोंडी काहीही म्हणाला, तरी ते त्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय त्याला अर्थ नाही. काही राज्यांत कायदा ग्राहकाच्या बाजूने अधिक भक्कम आहे : न्यूयॉर्कमध्ये एक लाख मैलांपर्यंतच्या आणि मॅसॅच्युसेट्समध्ये सव्वा लाख मैलांच्या आतल्या गाडीवर डीलरला मैलांनुसार तीस ते नव्वद दिवसांची लेखी हमी द्यावी लागते. मालकाकडून गाडी स्वस्त मिळते आणि तिचा इतिहास प्रत्यक्ष ऐकायला मिळतो, पण हे संरक्षण मिळत नाही किंवा फारच थोडे मिळते. गाड्यांची फारशी माहिती नसलेल्या कुटुंबाने पहिली गाडी अशा राज्यांत डीलरकडून घ्यावी.

१३. एकच टायर फाटला. दुकानदार म्हणतो, ऑल-व्हील ड्राइव्ह असल्यामुळे चारही बदला. तो फसवतो आहे का?

बहुधा नाही. नव्या टायरचा घेर झिजलेल्या टायरपेक्षा मोठा असतो. त्यामुळे तो प्रत्येक फेरीत जास्त अंतर कापतो, बाकीची चाके त्याच वेगाने फिरू शकत नाहीत आणि हा फरक चाके जोडणारी यंत्रणा सतत सोसत राहते. ती तापते आणि शेवटी निकामी होते; मग दुरुस्तीचा खर्च चार टायरांच्या कितीतरी पट होतो. टायरची नक्षी इंचाच्या बत्तिसाव्या भागात मोजतात. फरक दोन-बत्तिसांशांच्या आत ठेवावा, ही सर्वसाधारण मर्यादा आहे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा असेल, तो प्रमाण मानावा.

बाकीचे तीन टायर फारसे झिजले नसतील, तर नवा टायर घासून त्यांच्या मापाचा करून देणारी दुकाने आहेत. सुटे लहान चाक तात्पुरते लावले, तर पुस्तिकेत सांगितल्याइतकेच अंतर जावे. टायरच्या बाजूवर ‘डी.ओ.टी.’ या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘३५१९’ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी छान दिसणारा दहा वर्षांचा टायर हा नवा टायर नव्हे.

१४. गाडी कोणाच्या नावावर घ्यावी? बाबांचा विमा फारच महाग येतो आहे.

बाबांनी पुण्यात चाळीस वर्षे एकही अपघात न करता गाडी चालवलेली असली, तरी येथील बहुतेक विमा कंपन्या तो अनुभव मोजत नाहीत आणि त्यांना नवशिका चालक धरतात. ते आपल्याच घरात राहत असतील, तर गाडी आपल्या नावावर ठेवून त्यांना चालक म्हणून पॉलिसीत लेखी समाविष्ट करणे बहुधा स्वस्त पडते. घरात राहणाऱ्या आणि नेहमी गाडी चालवणाऱ्या व्यक्तीचे नाव लपवणे मात्र कदापि करू नये, कारण अपघात झाल्यावर दावा नाकारला जाऊ शकतो. ते वेगळ्या घरात राहत असतील, तर गाडी आणि विमा दोन्ही त्यांच्याच नावावर असावेत.

परदेशातला अनुभव धरता का, हे प्रत्येक कंपनीला विचारावे, काही धरतात. सुरक्षित वाहनचालनाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केला, तर न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षे विम्याच्या मूळ दरात दहा टक्के सूट मिळते आणि मिनेसोटात पंचावन्न वर्षांवरील चालकांना अशी सूट आहे. बाबांना येथले नियम शिकण्यासाठीही तो उपयोगी पडतो.

१५. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी येत आहेत. त्यांच्यासाठी गाडी घ्यावी का?

वेगळी गाडी घेऊ नये. घरातली गाडी वापरावी आणि ते येण्यापूर्वी विमा कंपनीला कळवावे. भारतीय परवान्यावर किती दिवस गाडी चालवता येते, याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून आपल्या राज्याच्या मोटार वाहन खात्याच्या संकेतस्थळावरच पाहावे. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातील आर.टी.ओ.कडून निघण्यापूर्वी घ्यावा. तो एक वर्षाचा असतो आणि मूळ परवान्यासोबतच चालतो. ग्रीन कार्डावर आलेल्यांनी मात्र राज्याचा परवाना काढावा.

१६. आई-बाबा चार महिने भारतात असताना गाडी तशीच उभी ठेवली तर?

थंडीत महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. घरातल्या कोणीतरी आठवड्यातून एकदा अर्धा तास ती रस्त्यावर फिरवून आणावी. नुसती जागेवर सुरू ठेवून उपयोग नाही. ते जमत नसेल, तर बॅटरी भारित ठेवणारे लहान चार्जर लावावे, टाकी भरून ठेवावी आणि टायरमध्ये हवा पुरेशी ठेवावी. विमा एकदम बंद करू नये. न्यूयॉर्कसारख्या राज्यात नंबर प्लेट आधी परत केल्याशिवाय विमा बंद केला, तर परवाना निलंबित होण्यापर्यंत वेळ येते.

१७. गाडी बंद पडली तर टो करताना काही वेगळे सांगायचे का?

‘फ्लॅटबेड पाठवा’ एवढे सांगावे, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारा सपाट ट्रक येतो. दोन चाके उचलून आणि दोन रस्त्यावर ठेवून ओढल्यास अनेक ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांची यंत्रणा बिघडते. हे वाक्य इंग्रजीत कागदावर लिहून आई-बाबांच्या गाडीच्या कप्प्यात ठेवावे.

१८. हायब्रिड ऑल-व्हील ड्राइव्ह चालेल का?

चालेल. रॅव्ह-४ हायब्रिड २०१६ पासून मिळते आणि तिची मागची चाके वेगळ्या विजेच्या मोटरवर चालतात, मधला दांडा नसतो. २०१९ पासूनच्या गाड्यांत मागच्या मोटरकडे जाणाऱ्या केबलच्या जोडाला मिठामुळे गंज चढण्याच्या तक्रारी आहेत, म्हणून तो जोड मेकॅनिकला मुद्दाम पाहायला सांगावा. २०१९ ते २०२२ च्या प्रियसमधील ऑल-व्हील ड्राइव्ह केवळ कमी वेगात, सुमारे ताशी ४३ मैलांपर्यंत, मदत करते. गल्लीतून निघायला ती पुरते.

१९. बाबांना गाडी उत्तम येते, पण बर्फाचा अनुभव नाही. गाडी घेतल्यावर काय शिकवावे?

पहिला बर्फ पडल्यावर रविवारी सकाळी एखाद्या मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये, जागेच्या मालकाची हरकत नसेल तेथे, त्यांना घेऊन जावे आणि तासभर फक्त थांबण्याचा सराव करावा. ताशी दहा, मग पंधरा, मग वीस मैलांवरून ब्रेक दाबायला सांगावे आणि प्रत्येक वेळी गाडी कोठे थांबली, तेथे उतरून अंतर पावलांनी मोजावे. ते अंतर वेग दुप्पट झाल्यावर दुपटीपेक्षा कितीतरी जास्त वाढते, हे आकड्यांनी सांगून पटत नाही, चालून पटते.

ब्रेक जोरात दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरते आणि खरखर आवाज येतो. भारतात जुन्या गाड्या चालवलेल्या अनेकांना तो बिघाड वाटतो आणि ते घाबरून पाय उचलतात, किंवा जुन्या सवयीने ब्रेक दाबत-सोडत राहतात. ती थरथर म्हणजे चाक अडकू न देणारी यंत्रणा काम करत आहे; पाय घट्ट दाबून ठेवायचा आणि जिकडे जायचे तिकडे स्टिअरिंग वळवायचे. बाबांच्या शेजारी बसून हे निदान दहा वेळा करून घ्यावे, त्यांच्या पायाला त्या थरथरीची ओळख होईपर्यंत. नंतर आईलाही त्याच आसनावर बसवावे.